ट्रेलर मागे घेताना

पेला, आयोवा
९ जानेवारी १९८७

प्रिय योहाना,

स. ठी., बा. पु.

सगळं ठीक, बाकी पुढे. बाबा तारघरात होते तेव्हा त्यांनी आपल्याला ही सवय लावली. घरात वाईट काही नसेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला बसून वाचता येतं. तुझ्या पोस्टकार्डावरही ही चार अक्षरं आहेत. मी ते उभ्यानेच वाचलं, आणि नंतरही बसवलं नाही.

नव्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर मी काठी टेकत तुमच्या दारी आले. घंटा तीनदा वाजवली. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली की ट्रेलर परवाच गेला, तुम्हाला ठाऊक नाही का. मला ठाऊक नव्हतं. सख्ख्या बहिणीला ठाऊक नव्हतं आणि शेजारणीला होतं.

एकतीस हिवाळे तुम्ही दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात तळ ठोकायला जाता. मी कधी काही बोलले नाही. पण ऑक्टोबरात डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं की गेरिटची स्मृती जाते आहे आणि ती परत यायची नाही. तू ते मला सांगितलंस, आणि ईस्टरपर्यंत तुमच्या मुलाला, ड्वेनला, कळू द्यायचं नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला लावलंस. नाताळच्या जेवणात गेरिटने मला विचारलं की हे घर कोणाचं, सूप फार छान झालंय. घर त्याचं होतं. अशा माणसाला तू स्टिअरिंगच्या चाकामागे बसवलंस, मागे वीस फुटी ट्रेलर, आणि पुढे पंधराशे मैल.

तू आयुष्यात कधी ट्रेलर लावून गाडी हाकलेली नाहीस. तू मांडीवर नकाशा घेऊन बसतेस. तो उद्या एखादा पक्षी बघायला उतरला आणि परत आला नाही, तर तू काय करशील? नकाशा चालवशील?

बर्फावर मोडलेला माझा पाय सुधारतो आहे. प्लास्टर निघालं. आजो गावच्या पोस्टाचा पत्ता तू लिहिलास, तिथेच हे टाकते. तिथल्या खिडकीवर विचारत जा.

राग ओसरला की लोभ जिथल्या तिथे सापडेल. तोवर तो आहे असं धरून चाल.

तुझी,
रिका


आजोजवळ, ॲरिझोना
१७ जानेवारी १९८७

प्रिय रिका,

स. ठी., बा. पु.

खिडकीवरच्या बाईने तुझं पत्र दोन बोटांत धरून दिलं, जणू तिला त्याची धग लागत होती. मी बाकावर बसून वाचलं. तू रागावलीस ते बरोबरच आहे. सांगून निघाले असते तर निघालेच नसते.

आता खरं सांगते. इथे तो बरा आहे. घरी तो चमच्यांचा खण शोधत तीन खोल्या फिरतो. इथे उतरला की हात आपोआप चालतात. आधी जमीन बघतो, मग चाकाखाली फळ्या, चाकांमागे ठोकळे, मग टेकू, मग गॅस, मग दोन खुर्च्या पूर्वेकडे तोंड करून. एकही गोष्ट चुकत नाही. गाडीही तशीच चालवतो. फक्त कुठे जायचं ते मी सांगायचं. गेली एकतीस वर्षं तरी वेगळं काय होतं?

एक झालं ते लपवत नाही. मंगळवारी सकाळी तो नळावर पाणी आणायला गेला आणि आमच्यासारखाच ट्रेलर असलेल्या, कॅनडातल्या सस्कॅचवानच्या जोडप्याच्या टेबलाशी जाऊन बसला. त्या बाईला म्हणाला की आज कॉफीला फार वेळ लावलास. तिने मुकाट्याने कप भरून दिला. त्याने पिऊन सांगितलं की कालच्यापेक्षा बरी झाली. मी धावत गेले तेव्हा ती मला म्हणाली, अगं, माझा नवरा चाळीस वर्षांत एकदाही असं म्हणाला नाही, याला थोडा वेळ राहू दे.

दुसरं असं की त्याने यंदा एक खूळ घेतलंय. रोज न्याहारीनंतर मला चाकामागे बसवतो. सरळ चालवणं जमतं, पण त्याला हवंय ते ट्रेलर मागे घेऊन जागेवर बसवणं. तो मागे उभा राहून हातांनी खुणा करतो. मी चाक उजवीकडे वळवते आणि ट्रेलर डावीकडे जातो. सगळा कॅम्प खुर्च्या आमच्याकडे वळवून बसतो, इथे दुसरी करमणूक नाही. कॅम्पची देखभाल करणारी मेबल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की तिच्या संसारात एकदाच घटस्फोटाचा विषय निघाला, तो इथेच, सहा नंबरच्या जागेवर. काल मी कचऱ्याचं पिंप आडवं केलं. गेरिट चिडला नाही. पुन्हा घे म्हणाला. अकरा वेळा म्हणाला. तो चालवतो आहे तर मला हा जाच कशाला, ते कळत नाही.

ड्वेनला काही बोलू नकोस. तो येईल, आणि गेरिटला घरात कोंडून बसवेल.

पायाला जप. माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
योहाना


पेला
२६ जानेवारी

प्रिय योहाना,

स. ठी., बा. पु.

तू मला हसवायला लिहिलंस, आणि मी हसलेसुद्धा. मग भांडी घासताना थांबले. तो कॉफी प्यायला शिरला म्हणून हसायचं. तिथून पुढे एक पाऊल वाळवंट होतं, हे तू लिहिलं नाहीस.

ड्वेनचा फोन आला होता. आई-बाबा कसे आहेत, पत्र का नाही, असं विचारत होता. मी म्हटलं टपाल हळू चालतं. त्रेचाळीस वर्षं मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी टपालखात्यावर खोटं ढकलते. तो म्हणाला, रिका मावशी, तुझा आवाज वेगळा येतोय. मी म्हटलं सर्दी आहे. ही दुसरी थाप.

तुझ्या गाडी शिकण्याचं नवल वाटत नाही. तू सोळाव्या वर्षी काकांचा ट्रॅक्टर कोंबड्यांच्या खुराड्यात घातला होतास, आणि बाबांना सांगितलंस की खुराडं मध्ये आलं.

आता नीट वाच. मी शपथ घेतली आहे, पण शपथेपेक्षा माणूस मोठा. पंधरा फेब्रुवारीपर्यंत मी गप्प बसते. तोवर तुम्ही घराकडे तोंड केलं नाही, तर ड्वेनला सगळं सांगेन. मग तू बोलली नाहीस माझ्याशी तरी चालेल. न बोलणारी पण असलेली बहीण मला पुरेल.

जे काही प्रेम देता येतं ते यातच घातलंय. उलगडून बघ.

तुझी,
रिका


३ फेब्रुवारी, सकाळी

रिका,

तुमच्या घरातली ती चार अक्षरं मी लिहीत नाही. आज सकाळी डोकं स्वच्छ आहे, एवढंच खरं. दुपारी काय असेल सांगता येत नाही. तुझा पाय बरा आहे ना?

योहाना कपडे धुवायला गेली आहे. हे पत्र मेबल टाकणार आहे. योहानाला सांगू नकोस.

तू पंधरा तारीख दिलीस ते मी वाचलं. तिने पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. तुझं बरोबर आहे. पण मला महिनाअखेरपर्यंत वेळ दे.

मला काय होतंय ते मला माहीत आहे. डॉक्टर तिच्याशी दाराबाहेर बोलले, दार पातळ होतं. तिला वाटतं मला कळलं नाही. मीही तसंच राहू दिलं.

तिला वाटतं मी वाळवंटासाठी आलो. वाळवंट मी पुष्कळ पाहिलं. अडतीस वर्षं मी धान्याचा ट्रक चालवला आणि ती शेजारी बसली. तिला बसायची सवय मी लावली. उद्या मी कुठेतरी रस्त्यातच संपलो, अंगाने किंवा डोक्याने, तर ती तिथे अडकेल. घरी मी तिला शिकवू शकत नाही, घरी मला चमचे सापडत नाहीत. इथे अजून हात चालतात. म्हणून इथे.

सरळ चालवते. उतारावर गिअर कमी करते. ट्रेलर जोडणं-सोडणं येतं, पण एकटीने केलेलं नाही. मागे घेणं येत नाही. भिते. भीती गेली की मी चाव्या देणार. मग तू ड्वेनला खुशाल सांग.

तुझा पाय बरा आहे ना?

गेरिट


पेला
१० फेब्रुवारी

प्रिय योहाना,

स. ठी., बा. पु.

मी विचार बदलला. पंधरा तारीख विसर. महिनाअखेरपर्यंत मी ड्वेनला काही सांगत नाही. का, ते विचारू नकोस. म्हातारी बाई मऊ पडली असं समज.

मात्र एक अट. ते मागे घेणं शिक. चेष्टा करू नकोस, मनावर घे. मी इथे शेजारच्या होएक्स्ट्राला विचारलं, तो गुरांचा ट्रेलर रोज गोठ्याशी मागे घेतो. त्याला वाटलं मीच आता गुरं वाहणार. त्याने सांगितलं की स्टिअरिंगचं चाक वरून धरूच नये. हात चाकाच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला सरकवायचा, तोही थोडाच. आणि मागे वळून बघत बसायचं नाही. आरशात बघायचं. खुणा करणारा आरशात दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं. मी हे स्वयंपाकघरात ताटली धरून करून बघितलं. जमतं.

गेरिट सांगेल तितक्या वेळा घे. अकरा काय, शंभर वेळा. त्याला चिडवू नकोस.

त्याला माझा पाय बरा आहे म्हणून सांग. तो विचारत असेल.

माझ्या वाटची काळजी तू तिकडे करू नकोस, ती इथे पुरेशी आहे. तुझं प्रेम तेवढं धाड.

तुझी,
रिका


क्वार्ट्झसाइट
१९ फेब्रुवारी

रिका,

तो सापडला. हे आधी लिहिते. ती अक्षरं लिहायला हात होत नाही.

सोमवारी आम्ही रानमेंढ्यांच्या अभयारण्यात गेलो. तिथे नंबर घातलेल्या जागा नसतात. कच्च्या रस्त्याच्या कडेला कुठेही थांबायचं. पाणी आपलं, माणूस दिसला तर दिसला. आम्ही दर वर्षी जातो. मंगळवारी जेवण झाल्यावर त्याने दुर्बीण गळ्यात घातली आणि म्हणाला, त्या टेकाडावर मेंढे दिसतात, बघून येतो. मी भांडी पुशीत होते. मीही येते म्हणाले. तो म्हणाला, मी काय लहान आहे. मी हात पुसेपर्यंत तो टेकाडामागे गेला होता.

एक वाजला होता. दोन वाजले. वाळवंटातला नियम त्यानेच मला पहिल्या वर्षी शिकवला. चुकलं तर भटकायचं नाही, आपली गाडी गाठायची आणि तिच्या सावलीत बसायचं. जो थांबलाय त्यानेही जागा सोडायची नाही. म्हणून मी सोडली नाही. हाका मारल्या. हॉर्न वाजवला. तीन वाजता पाण्याचे डबे मोजले, त्याची बाटली आतच होती. मग मला बसवेना.

ट्रेलर लावून पुढच्या कोरड्या नाल्यातून वळवणं शक्य नव्हतं. मी एकटीने ठोकळे लावले, टेकू खाली केला, साखळ्या काढल्या, दिव्यांची वायर काढली, कडी उचलायला गेले. कडी उठेना. मी तिच्यावर हातोडी घातली. उठली. मेजावर चिठ्ठी ठेवली आणि पिकअप घेऊन निघाले. आधी डावीकडची वाट दोन मैल, काही नाही. परत येऊन उजवीकडची. मी काय बोलत होते मला आठवत नाही. देवाशी बोलत नव्हते, तुझ्याशी बोलत होते बहुतेक. तू म्हणत होतीस, नकाशा चालवशील?

वाटेच्या टोकाला एक पांढरी पिकअप उभी होती, ओरेगन राज्याची नंबरपाटी. कोणीतरी ती ठेवून डोंगरात चढून गेलं होतं. तिच्या सावलीत गेरिट बसला होता. चार वाजून गेले होते. सावली सरकली तसा तोही सरकला होता, मातीत तसे ठसे होते. ओठ फुटले होते. मला बघून उठला आणि रागावला. कुठे होतीस तू, मी नियमाने गाडीपाशी थांबलो, तूच नाहीस.

नियम बरोबर पाळला होता. गाडी दुसऱ्याची होती.

पाणी दिलं. घोट घोट दे, तो मलाच सांगत होता. वाटेत त्याला कळलं. कसं ते मी लिहू शकत नाही. त्याने पाटीकडे मागे वळून बघितलं, मग मी चालवते आहे हे बघितलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून बसला. ट्रेलरपाशी आल्यावर म्हणाला की ट्रेलर तू एकटीने सोडलास. मी हो म्हटलं. कडीला हातोडी मारलीस का? हो म्हटलं. मारायची नसते, म्हणाला. मग त्याने खिशातून चाव्यांचा दुसरा जुडगा काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाला, मी आता चालवणार नाही. आणि नंतर सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं तेही.

तू मला का नाही सांगितलंस? नाही, नको सांगूस. मला कळतं.

मला आता घरी यायचं आहे आणि भीती वाटते. सरळ चालवत ट्रेलर इथवर आणला, पण मागे घेणं अजून जमलेलं नाही. रात्रीच्या मुक्कामाला जागेवर तर लावावंच लागेल.

तुझ्याजवळ जे असेल ते पाठव.

योहाना


पेला
२५ फेब्रुवारी

प्रिय योहाना,

स. ठी., बा. पु. लिहिते, पण तुला पटणार नाही.

तुझं पत्र उघडलं आणि वर ती अक्षरं नव्हती. पहिली ओळ वाचायच्या आधीच मी टेलिफोनपाशी गेले. मग परत येऊन वाचलं, आणि तरीही फोन केला. ड्वेनला सगळं सांगितलं. ऑक्टोबर, डॉक्टर, गाडी, ओरेगनची पाटी. तो म्हणाला, मावशी, मी आठवीत नाही आता. त्याचं बरोबर होतं. त्याने सहा मार्चचं फिनिक्सचं विमान धरलंय. तुम्हाला घेऊन येणार आणि ट्रेलर तिथेच विकणार.

मी बायबलवर हात ठेवला होता. पाद्रीबाबांकडे जाऊन सांगून आले. ते म्हणाले की ठीक आहे. मला ठीक वाटलं नाही.

गेरिटचं पत्र यात घालते आहे. ते तुझ्याकडे असायला हवं. वाचलंस की कळेल की मी पंधरा तारीख का सोडली. त्याने मला एकाच पानात दोनदा पायाचं विचारलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती आपुलकीचा माणूस. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला.

ड्वेन येईल तेव्हा त्याला दारातच उभा ठेवू नकोस. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी यापुढे तारखा देणार नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा. कोरं पाकीट आलं तरी मी ते लोभ म्हणूनच घेईन.

तुझी,
रिका


आजोजवळ
४ मार्च १९८७

प्रिय रिका,

स. ठी., बा. पु.

काल पोस्टासमोरच्या टेलिफोनवरून ड्वेनला फोन केला. नाणी टाकत टाकत बोलले, त्यामुळे रडायला सवड नव्हती. तो रडला. म्हणाला, आई, मला का नाही सांगितलंस. मी पुढचं नाणं टाकलं. तिकीट परत कर म्हणाले. तुझ्या बाबांनी दोन महिने घालवून जे शिकवलं ते मी विमानात बसून वाया घालवणार नाही. त्याने विचारलं, तुला येतं का. मी म्हटलं, उद्या विचार. शेवटी म्हणाला की चौदाला पेलाला येतो, तुम्ही पोचला नाहीत तर तिथून उलटा निघतो. हे मला मान्य आहे.

तुझ्यावर मी रागावले नाही. तू फोन केला नसतास तर मी केला असता का, कोण जाणे.

आज सकाळी गेरिट उठला तेव्हा गप्प होता. असं आता बऱ्याचदा होतं. मी न्याहारीनंतर न सांगता चाकामागे बसले. सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या. मेबलने कोणाला तरी गप्प केलं. गेरिट आपण होऊन मागे गेला आणि हात वर केले. मी हात चाकाच्या तळाशी ठेवला. मागे वळून बघितलं नाही. आरशात तो होता, उजवा हात जरासा हलवत, मग डावा, मग तळवा खाली, हळू. एकदा तो आरशातून नाहीसा झाला आणि मी थांबले. तो दोन पावलं सरकून पुन्हा आला. मग दोन्ही मुठी. मी ब्रेक दाबला. ट्रेलर खांबांच्या बरोबर मध्ये होता. एका खेपेत.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटतं सगळे तेच बघत होते जे मी आरशात बघत होते.

गेरिट माझ्या बाजूने चालत आला. काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली. त्याने टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला की बाई, फार सफाईने लावलात, पुष्कळ पुरुषांना एवढं येत नाही. मग विचारलं, तुम्ही एकट्याच प्रवास करता की मालक बरोबर आहेत?

मी म्हटलं, बरोबर आहेत.

मग हरकत नाही, म्हणाला. पुढे रस्ता लांब आहे.

उद्या सकाळी आठला निघतो. रोज दोनशे मैल, त्याहून जास्त नाही. नकाशा त्याच्या मांडीवर देणार आहे. धरून बसला की तो स्वस्थ असतो. बारा किंवा तेरा तारखेला पोचू. घरात शेगडी पेटवून ठेव, आणि आम्ही आलो की दारात येऊन उभी राहा. तुला तो ओळखेल की नाही सांगता येत नाही, पण पायाचं विचारेल.

वाटेतून रोज एक कार्ड टाकीन. आपल्यातली माया तेवढी उबदार ठेव, बाकीचं मी चालवते.

तुझी,
योहाना